रिसेप्शनची वाइन: दुकानापासून ग्लासापर्यंत

नाशिकचे आहात म्हटलं की पुण्या-मुंबईचे नातेवाईक गृहीतच धरतात, "वाइनचं तुम्हीच बघा." जणू आपण सगळे गंगापूर धरणाच्या काठावर पिंपं घेऊनच बसलोय. तर असं होत होत घरातल्या आणि मित्रांच्या मिळून पाच रिसेप्शनची वाइन आजवर माझ्या गळ्यात पडली. त्यातली पहिली पूर्ण वाया गेली, आणि जे काही शिकलो ते तिच्यामुळेच.

मे महिना होता. दुपारी दोनला दोन पेट्या डिकीत टाकल्या, वाटेत हारवाल्याकडे थांबलो, मग लॉन्सवर गेल्यावर मंडपवाल्याच्या पोरांनी त्या जनरेटरच्या मागे भिंतीला लावून ठेवल्या. सावली होती म्हणून मीही काही बोललो नाही. संध्याकाळी सातला बाटलीला हात लावला तर गार व्हायला ठेवलेल्या चहाच्या कपासारखी कोमट. काही बाटल्यांची बुचं नखभर वर आलेली. व्हाइटला शिजलेल्या मनुक्यांचा वास. दुकानातून निघाली तेव्हा ती चांगली वाइन होती. दुकान आणि ग्लास यांच्या मधल्या पाच तासांत ती मेली. म्हणून या लेखात ब्रँडपेक्षा बर्फाबद्दल जास्त बोलणार आहे, आधीच सांगून ठेवतो.

आधी जागा, मग परवाना, मग वाइन

मंगल कार्यालयाला बयाणा देण्याआधीच स्पष्ट विचारा. बहुतेक कार्यालयांत दारू चालतच नाही, आणि "तसं आम्ही काही बघत नाही" हे मॅनेजरचं तोंडी आश्वासन ऐनवेळी पोलिसांची गाडी आली की हवेत विरतं. आपल्याकडे अनेक घरांनी यावर साधा तोडगा काढलाय. सकाळी कार्यालयात मुहूर्त, पंगत, सगळं सोवळ्यात. आणि संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी रिसॉर्टवर वेगळं रिसेप्शन. घरातल्या मोठ्यांनाही ते पटतं, कारण अक्षता आणि ग्लास एका मांडवात येत नाहीत.

खासगी जागेवर दारू द्यायची तर राज्य उत्पादन शुल्क विभागाचा एका दिवसाचा परवाना लागतो. बोलीभाषेत त्याला एफएल-४ए म्हणतात, अर्ज ऑनलाइन करता येतो. शेवटच्या दोन दिवसांवर ठेवू नका. जागेची कागदपत्रं आणि अर्जदाराची ओळखपत्रं यांतच अर्धा वेळ जातो. माल परवानाधारक दुकानातूनच घ्यायचा आणि बिल परवान्यासोबत जागेवर ठेवायचं. रिसॉर्टचा स्वतःचा बार असेल तर दोन प्रश्न लेखी विचारा: तुमचा परवाना लॉनवर चालतो की फक्त रेस्टॉरंटच्या चार भिंतींत? आणि आमच्या बाटल्या आणल्या तर बाटलीमागे किती घेणार?

नाशिकहून दमण-सिल्वासा जवळ आहे, त्यामुळे प्रत्येक खानदानात "मी तिकडून स्वस्तात पेटी आणतो" म्हणणारा एक तरी भाचा असतो. त्याला प्रेमानं बसवून ठेवा. महाराष्ट्राचं शुल्क न भरलेला माल बाळगणं हा गुन्हा आहे, आणि तो गुन्हा नवरीच्या बापाच्या नावावर चढतो.

तारीख ठरवताना ड्राय डे बघा. २६ जानेवारी, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर सगळ्यांना माहीत असतात. फसवतात त्या निवडणुका. मतदान संपायच्या आधीचे ४८ तास दुकानं बंद असतात, मतमोजणीच्या दिवशीही पंचाईत होते. आपला मुहूर्त सहा महिने आधी निघतो आणि निवडणुकीची तारीख दीड महिना आधी, तेव्हा कार्यक्रम जाहीर झाला की लगेच कॅलेंडर उघडा.

बाटल्या मोजायच्या कशा

इथे बहुतेक जण पत्रिकांची संख्या धरतात आणि दुपटीनं माल घेतात. पत्रिका नको, माणसं मोजा. समजा ३०० जणांना बोलावणं आहे आणि २५० येतील. त्यातून लहान मुलं, आजी-आजोबा, माळकरी मंडळी, उपवासवाले आणि "गाडी चालवायची आहे"वाले वजा करा. उरतात साधारण ८० पिणारे. यातले जवळजवळ निम्मे व्हिस्की किंवा बिअरच्या टेबलावरून हलणारच नाहीत, कितीही चांगली वाइन ठेवा. वाइनला राहिले ४५ धरू.

७५० मिलीच्या बाटलीत १५० मिलीचे पाच ग्लास होतात. तीन तासांचं रिसेप्शन असेल तर माणशी तीन ग्लास पुरे. म्हणजे १३५ ग्लास, २७ बाटल्या. फुटणं, सांडणं, एखादी खराब निघणं धरून ३०. नवरा-नवरीसाठी सगळ्यांनी मिळून ग्लास उंचवायचा असेल तर स्पार्कलिंग, म्हणजे बुडबुड्यांची वाइन, वेगळी धरा, पण त्यासाठी अर्धाच ग्लास, ७५ मिली, ओता. एका बाटलीत दहा होतात. १०० माणसांना १० बाटल्या, दोन जादा. एकूण ४२. पेटी बहुधा १२ बाटल्यांची असते, म्हणजे साडेतीन पेट्या. २५० माणसांच्या रिसेप्शनला साडेतीन पेट्या म्हटल्यावर आमच्या मोठ्या काकांनी माझ्याकडे असं बघितलं की मी खर्च वाचवून पळणार आहे. शेवटी चार बाटल्या उरल्या.

रेड आणि व्हाइटची वाटणी महिन्यावर ठरवा. मे महिन्यातल्या ३० बाटल्यांत मी १५ व्हाइट, ६ रोझे (गुलाबी वाइन) आणि ९ रेड घेतो. डिसेंबरमध्ये उलट: १५ रेड, ११ व्हाइट, ४ रोझे. वाइन म्हणजे रेडच, असं आपल्याकडे उगाच बसलंय. चाळीस अंशाच्या दिवसानंतर उघड्या लॉनवर रेडचा दुसरा ग्लास कोणी मागत नाही.

कोणती घ्यायची, हे केटररला विचारा

म्हणजे त्याची वाइनची आवड विचारायची नाही. मेनू विचारायचा आणि त्यात तिखट कुठे आहे ते बघायचं. तिखटासमोर रेड वाइनचा तुरटपणा आणि जास्तीचं अल्कोहोल दोन्ही आग वाढवतात. काळ्या मसाल्याच्या मटणावर तगडी, तुरट रेड प्यायल्यावर जीभ पोळल्यासारखी होते आणि पाहुणा दोष देतो वाइनला. थोडा गोडवा आणि चांगला गारवा ही आग विझवतात. म्हणूनच आपल्या जेवणासोबत किंचित गोडसर शेनिन ब्लाँ इतकी चालते. नाशिकमध्ये ही द्राक्षं भरपूर होतात, वाइन सहज मिळते, आणि पहिल्यांदा पिणाऱ्यालाही ती आवडते. एकाच व्हाइटवर भागवायचं असेल तर हीच घ्या.

सोविन्याँ ब्लाँ जास्त कोरडी, आंबटसर, हिरव्या वासाची. ती नुसती प्यायली तर निम्म्या घराला आवडत नाही, पण कोथिंबीर वडी, अळूवडी किंवा पुदिन्याच्या चटणीतलं पनीर टिक्का आलं की तिची चवच बदलते. तळलेल्या स्टार्टरवर स्पार्कलिंगसारखं दुसरं काही नाही. बटाटेवड्याचं तेल ती जिभेवरून धुऊन काढते. रोझे तंदुरीवर चालते, आणि फोटोत छान दिसते म्हणून तरुण मंडळी आधी तिच्याकडेच जातात. या मोहाला नावं ठेवू नका, तेवढीच रोझे उरत नाही.

रेडमध्ये शिराझ घ्या. मिरीसारखा तिचा मसालेदार वास सुक्या मटणाशी, भाजलेल्या वांग्याच्या भरिताशीही जमतो. ओकच्या पिंपात मुरवलेली रिझर्व्ह रेड पाहुण्यांच्या काउंटरवर ठेवू नका. ती बशीत स्टार्टर, हातात मोबाइल आणि समोर डीजे अशा अवस्थेत प्यायची गोष्ट नाही. व्याह्यांना घरी जेवायला बोलवाल तेव्हा काढा.

गोडासोबत वाइन द्यायची हौस असेल तर एकच नियम लक्षात ठेवा: वाइन पक्वान्नापेक्षा गोड हवी. गुलाबजामावर कोरडी वाइन प्यायली तर ती लिंबाच्या पाण्यासारखी लागते. लेट हार्वेस्ट शेनिन म्हणजे वेलीवर जास्त दिवस ठेवून गोडी वाढवलेल्या द्राक्षांची वाइन; तिचे छोटे ग्लास बासुंदीशेजारी ठेवा. आणि एखादी आत्या हमखास विचारते, "ती गोड पोर्ट नाहीये का रे?" तिच्यासाठी एक बाटली आणून ठेवायला काय हरकत आहे?

शाकाहारी आणि जैन पाहुणे असतील तर आणखी एक गोष्ट. वाइन नितळ करताना काही ठिकाणी अंड्याचा पांढरा बलक किंवा माशापासून काढलेला पदार्थ वापरतात. तो वाइनमध्ये राहत नाही, पण ज्यांना चालत नाही त्यांना चालत नाही. वायनरीला थेट विचारा.

आधी घरी चाखा, लेबल झाकून

केटरर मेनूची चव दाखवायला डबे पाठवतो, तोच दिवस धरा. सहा-सात वेगवेगळ्या बाटल्या आणा, रद्दीच्या पेपरात गुंडाळा, वर मार्करनं आकडे घाला. पाच-सहा जण बसा: एक नियमित पिणारा, एक कधीच न पिणारी, एक तिखट खाणारा, नवरा-नवरीपैकी कोणीतरी एक. प्रत्येकाला दोन-दोन घोट, आधी नुसते, मग खाताना.

आमच्याकडे मामीनं तीन नंबरचा घोट घेऊन तोंड वाकडं केलं. "अहो, ही आंबली आहे." मामा म्हणाले, "तशीच असते ती." दहा मिनिटांनी कोथिंबीर वडीची बशी फिरली आणि मामी हळूच म्हणाल्या, "ती तीन नंबरची जरा द्या बरं परत." पेपर सोडला तर सगळ्यांत स्वस्त सोविन्याँ ब्लाँ निघाली. सगळ्यांत महाग रेडला सहापैकी एकच मत, तेही मामांचं, कारण पेपर फाटून त्यांना लेबल दिसलं होतं.

खरेदी

आपल्या राज्यात "वाइन शॉप" अशी पाटी असलेल्या दुकानात वाइन सगळ्यांत खालच्या फळीवर, धुळीत असते आणि वर व्हिस्की. शेनिन मागितली तर काउंटरवरचा पोरगा विचारतो, "खंबा देऊ का क्वार्टर?" त्याची चूक नाही, त्याच्याकडे दिवसभर तेच गिऱ्हाईक. जानेवारी २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं सुपरमार्केटमध्ये वाइन विकायला परवानगी द्यायचं ठरवलं होतं, पण विरोध झाला आणि ते तिथेच राहिलं.

दुकानातून घ्यायची तर तीन गोष्टी बघा. फळीवरच्या, ट्यूबलाइटखाली किंवा काचेतून ऊन खात उभ्या असलेल्या बाटल्या नकोत. आतल्या गोदामातली बंद पेटी मागा. दुसरं, बाटलीवरचं वर्ष. नाशिकला वाइनच्या द्राक्षांची तोडणी जानेवारी ते मार्चमध्ये होते, युरोपात ती ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये. त्यामुळे आपली व्हाइट त्याच वर्षाच्या उत्तरार्धात प्यायला तयार असते. डिसेंबरच्या लग्नाला त्याच वर्षाची किंवा आदल्या वर्षाची व्हाइट घ्या, मेच्या लग्नाला आदल्या वर्षाची. तीन-चार वर्षांची स्वस्त व्हाइट "जुनी आहे, चांगली असणार" म्हणून कोणी देत असेल तर ती त्यालाच लखलाभ. तिसरं, फिरकीचं झाकण. बुचाची बाटली भारी वाटते, पण मांडवात बूच काढायचा स्क्रू एक आणि काउंटर तीन असतात. स्क्रूड्रायव्हरनं बूच आत ढकलून रेड ओतताना मी एकाला पाहिलंय, शर्ट पांढरा होता.

वायनरीतून थेट घेण्याचा फायदा म्हणजे चाखून घेता येते आणि माल नीट गारव्यात ठेवलेला असतो. गंगापूर-सावरगाव रस्त्याला सुला, यॉर्क, सोमा एकाच फेरीत होतात. स्पार्कलिंगसाठी दिंडोरीकडे शांदों आहे. इगतपुरी तालुक्यात सांजेगावला ग्रोव्हर झाम्पा आणि कावनईला व्हॅलोन, निफाडकडे रेव्हिलो. शनिवार-रविवारी जाऊ नका, पर्यटकांच्या गर्दीत तुमच्याशी बोलायला कोणी नसतं. मंगळवारी सकाळी जा, किती बाटल्या हव्यात, तारीख काय, मेनू काय, हे कागदावर लिहून न्या. पेटीवर काही सवलत बसते का ते विचारा. न उघडलेल्या बाटल्या परत घेणार का, हेही विचारा, पण उत्तर "नाही" असेल असं धरूनच हिशेब करा.

बर्फ

आता मुद्द्याचं. व्हाइट आणि रोझे ८ ते १० अंशांवर, स्पार्कलिंग ६ ते ८ वर, रेड १६ ते १८ वर. रेड "रूम टेंपरेचरला" प्यायची म्हणतात ती रूम युरोपातली, दगडी भिंतीची. मेमधल्या आपल्या रात्री हवाच तीसच्या आसपास असते. तेव्हा रेडसुद्धा १५ मिनिटं बर्फाच्या पाण्यात घालायची. उलट डिसेंबरात निफाडचा पारा पेपरच्या पहिल्या पानावर येतो तेव्हा उघड्या लॉनवरची रेड इतकी गारठते की वासच येत नाही. ती आत, हॉलमध्ये ठेवा आणि ऐनवेळी बाहेर काढा.

गार करायला नुसता बर्फ पुरत नाही. बर्फाच्या तुकड्यांमध्ये हवा राहते आणि बाटलीला एखाद-दुसऱ्या ठिकाणीच तो टेकतो. बर्फ आणि पाणी निम्मं-निम्मं, बाटलीच्या मानेपर्यंत, वर दोन मुठी जाडं मीठ. कोमट बाटली अर्ध्या तासात पिण्याजोगी होते. फ्रिजमध्ये तिलाच दोन-तीन तास लागतात, आणि केटररच्या फ्रिजमध्ये पनीर आधी बसलेलं असतं.

भांडं कशाचं? टोमॅटोचे प्लास्टिक क्रेट नाशकात कोणीही देतो, पण त्यांना भोकं असतात. मित्राच्या मळ्यातून शेततळ्याच्या प्लास्टिक कागदाचा उरलेला तुकडा आणून आम्ही क्रेटला आतून अस्तर लावलं. एका क्रेटमध्ये १२ बाटल्या उभ्या बसल्या, पाणी गळलं नाही, आणि दोघांना कडी धरून उचलता आलं. पाहुण्यांसमोरच्या काउंटरवर मात्र आजीचं तांब्याचं घंगाळ ठेवलं, चिंचेनं घासून लख्ख केलेलं. भाड्याच्या आइस बकेटपेक्षा ते कितीतरी देखणं दिसलं, आणि सगळ्यांत जास्त फोटो त्याचेच निघाले.

१२ बाटल्यांच्या एका क्रेटला मेमध्ये संध्याकाळभरासाठी पंधरा किलो बर्फ धरा. दोन क्रेट सतत चालू ठेवायचे, म्हणजे तीस, आणि भर घालायला आणखी वीस. लादीचा बर्फ बाटलीबाहेरच. ग्लासात घालायचा खाण्याचा बर्फ वेगळा आणि वेगळ्या भांड्यात, नाहीतर पोरं टबातलाच बर्फ चिमट्यानं उचलतात. बर्फवाल्याला संध्याकाळी पाचची वेळ सांगा आणि साडेतीनला फोन करा.

पेट्या आदल्या रात्रीच घराच्या सगळ्यांत गार खोलीत, जमिनीवर. आमच्याकडे ती देवघराशेजारची असल्यामुळे थोडी चर्चा झाली. शेवटी पेट्या जिन्याखाली गेल्या. लॉनवर न्यायच्या त्या ऊन उतरल्यावर, एसी चालू असलेल्या गाडीत, सीटवर. डिकीत नाही.

वाढणारी पोरं आणि ग्लास

केटररची पोरं वाइन सरबतासारखी काठोकाठ भरतात. त्यात त्यांना पाहुण्याचा मान वाटतो. एका ग्लासावर एक-तृतीयांशाला मार्करनं रेघ मारून काउंटरवर ठेवा, "इथपर्यंतच" म्हणा, बाकी भाषण नको. भरलेला ग्लास पाच मिनिटांत गरम होतो आणि अर्धा टेबलावर टाकून दिला जातो. ग्लास पिणाऱ्यांच्या दुप्पट मागवा, ४५ जणांना ९०, आणि आल्यावर वास घेऊन बघा. भांड्याच्या साबणाचा वास असेल तर साध्या पाण्यानं पुन्हा धुऊन घ्या. वाइनच्या काउंटरवर एकच माणूस नेमा जो स्वतः पीत नाही आणि कॉलेजातल्या भावंडांना नावानं ओळखतो. व्हिस्की-रमसाठी महाराष्ट्रात वयाची अट २५ आहे. आपल्या वाइनच्या काउंटरवर मी २१ च्या आतल्याला हात लावू देत नाही.

स्पार्कलिंग उघडायचं काम नवरदेवाच्या मित्रांवर सोडू नका. आतला दाब गाडीच्या टायरच्या दुपटीहून जास्त असतो, आणि बाटली गरम असली किंवा हलवली असली तर बूच गोळीसारखं सुटतं. बाटली नीट गार करा, तिरकी धरा, तोंड माणसांपासून आणि मांडवाच्या झुंबरापासून दूर. बुचावरची तार सहा अर्धे पीळ देऊन सैल करायची, अंगठा बुचावरून काढायचा नाही. मग बूच घट्ट धरून बाटली फिरवायची. "फट्" असा आवाज आला नाही, नुसता "फुस्स" झाला, तर काम जमलं. फवारा उडवायचाच असेल तर सोड्याची बाटली द्या त्यांच्या हातात.

डीजेला दहाला थांबावंच लागतं, तेव्हा वाइन साडेनऊला आवरती घ्या आणि काउंटरवर पाणी, ताक, जेवण पुढे करा. त्र्यंबक रोड आणि गंगापूर रोडवरची रिसॉर्ट रात्री अंधारातली. १०० मिली रक्तात ३० मिलीग्रॅम अल्कोहोल एवढीच कायद्याची मर्यादा आहे, आणि पहिल्याच गुन्ह्याला दहा हजारांचा दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. वऱ्हाडाची जी बस सकाळी आणली तिच्याच चालकाला रात्री अकरापर्यंत थांबवा. त्याचं जेवण आधी वाढा.

उरलेल्या बंद बाटल्या पुढच्या सणाला होतील. उघडलेल्यांना झाकण लावून त्याच रात्री फ्रिजमध्ये टाका, रेडसुद्धा. दोन-तीन दिवस चालतात. स्पार्कलिंग मात्र त्याच रात्री संपवा. आमच्याकडे पाठवणीनंतर दीड वाजता, खुर्च्या रचून झाल्यावर, मामा-मामी, दोन काका आणि मंडपवाल्याचे हिशेबनीस असे आम्ही त्याच घंगाळाभोवती बसलो होतो. बर्फ विरघळला होता, पण पाणी अजून गार होतं.